पिकअपचे डिस्क पॅड आणि डिस्क: खिसा सांभाळून घेताना पडणारे प्रश्न

आमच्या घरच्या दोन पिकअप नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून माळशेजमार्गे वाशीला जातात. एका वर्षी ब्रेकवर इतका खर्च झाला की पुढच्या वर्षी मी गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसायलाच लागलो आणि प्रत्येक सुटा भाग हातात घेऊन पाहू लागलो. तेव्हापासून तालुक्यातले गाडीवाले फोन करतात. त्यांचे नेहमीचे प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बोलेरो पिकअप, टाटा इंट्रा, योद्धा, एस, अशोक लेलँड दोस्त या गाड्या डोळ्यांसमोर धरा. पुढे डिस्क, मागे ड्रम. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क, तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात ते पॅड, आणि पॅड दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. ड्रमला आतून टेकतात ते शू.

माझा दहाचाकी ट्रक आहे. मला यातलं काही उपयोगी पडेल का?

फार थोडं. आपल्याकडच्या मोठ्या ट्रकांना बहुतेक करून सगळ्या चाकांवर ड्रम असतात आणि ब्रेक हवेवर चालतात. तिथे पॅड नसतात, शूवर घासणारा थर म्हणजे लायनर असतो, तोही रिबिटांनी ठोकलेला. लायनर रिबिटाच्या डोक्यापर्यंत झिजू दिला की रिबिट ड्रमला चरे पाडते आणि मग लायनरच्या पैशात ड्रमचे पैसे मिळवावे लागतात. एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजू एकदम बदलायच्या, हा नियम मात्र तुम्हालाही तसाच लागू. पुढचं सगळं लहान गाड्यांबद्दल आहे.

पॅड संपत आले हे चाक न काढता कळतं का?

बऱ्याचदा कळतं. स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि मोबाइलचा टॉर्च पुढच्या चाकाच्या मागच्या बाजूने मारा. लोखंडी पट्टी आणि डिस्क यांच्यामध्ये जो काळपट थर दिसतो तोच पॅडचा माल. नवा असताना तो साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटरवर आला की बदलायचा. पाच रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवलीत तर जेवढी जाडी होते, त्याहून तो पातळ दिसायला लागला की दुकानाचा रस्ता धरा.

पण बाहेरचा पॅड चांगला दिसला म्हणून आतलाही चांगला असेल, असं धरून चालू नका. आमच्या एका गाडीचा बाहेरचा पॅड निम्मा शिल्लक होता आणि आतल्याची नुसती पट्टी उरली होती. ती पट्टी डिस्कला घासून डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा उठल्या होत्या. म्हणून दर सर्व्हिसिंगला एकदा चाक काढून दोन्ही पॅड बघा.

काही पॅडना पत्र्याची छोटी जीभ असते. माल संपत आला की ती डिस्कला टेकते आणि किर्र आवाज येतो. तो आवाज ऐकून टेपचा आवाज वाढवणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत.

पुढचे पॅड चार-पाच महिन्यांत उडतात. एवढ्या लवकर संपणार असतील तर सगळ्यात स्वस्त कुठले घेऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्याचं उत्तर पॅडच्या दुकानात नसतं. पॅड हा बळी असतो, गुन्हेगार शेजारी बसलेला असतो. तीन ठिकाणी शोधा.

पहिलं ठिकाण मागचे ड्रम. मागचे शू ढिले असतील, शू जुळवणारा अ‍ॅडजस्टर गंजून अडकला असेल किंवा शू ढकलणारा व्हील सिलिंडर गळत असेल, तर मागची चाकं थांबवायच्या कामात हातच लावत नाहीत. सगळा भार पुढच्या डिस्कवर. ओळखायची सोपी खूण अशी: पेडल पहिल्यांदा दाबलं की खोल जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं. बहुतेक वेळा हे मागचे शू ढिले असल्याचं लक्षण. शू जुळवून घ्यायला अर्धा तास पुरतो.

दुसरं ठिकाण कॅलिपरच्या स्लाइड पिना. कॅलिपर या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो म्हणून आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजतात. रबरी बूट फाटला, पाणी आत गेलं, पीन गंजली, की कॅलिपर तिथेच अडकतो. वर सांगितलेली आतल्या पॅडची गोष्ट हीच. पीन बाहेर काढली तेव्हा तिच्यावर गंजाचा असा थर होता की हाताने फिरतच नव्हती. नवी पीन, नवे बूट आणि सिलिकॉन ग्रीसची बोटभर ट्यूब, एवढ्यावर काम भागलं. तिथे चेसीचं साधं ग्रीस भरू देऊ नका, त्याने रबर फुगतं आणि पीन पुन्हा अडकते.

तिसरं ठिकाण कोणाच्या डोक्यातच येत नाही. बऱ्याच पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. गाडीचा मागचा भाग मालाने किती खाली बसला आहे, हे एका दांड्यावरून ओळखून तो मागच्या ब्रेकला दाब सोडतो. गाडी रिकामी असेल तर मागे दाब कमी, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. आता आपण काय करतो? जास्त माल बसावा म्हणून कमानपाट्यात दोन पाटे वाढवतो. मग पावणेदोन टन टाकले तरी गाडी मागे बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. तो मागचा दाब कमीच ठेवतो आणि भरलेली गाडी थांबवायचं काम पुढचे दोन पॅड करत राहतात. पाटे वाढवणाऱ्याने या व्हॉल्व्हचा दांडा पुन्हा जुळवून द्यायला हवा. आमच्याकडच्याने तो तारेने वर बांधून टाकला होता.

हे तिन्ही तपासून झाल्यावर पॅड कुठले घ्यायचे ते बोलू.

स्वस्त पॅड खरंच स्वस्त पडतात का?

हिशेब हजार किलोमीटरचा करायचा. समजा एक सेट ८०० रुपयांचा आहे आणि तुमच्या रस्त्यावर १२,००० किलोमीटर चालतो. दुसरा १,५०० रुपयांचा आहे आणि ३०,००० चालतो. बसवायची मजुरी दोन्हीला ३०० धरा. पहिल्याचा खर्च हजार किलोमीटरला जवळपास ९२ रुपये, दुसऱ्याचा ६०. यात गाडी उभी राहिलेला दिवस धरलेलाच नाही, आणि टोमॅटोच्या हंगामात एक दिवस गाडी उभी राहणं म्हणजे काय, ते इथे सांगायला नको.

आकडे तुमच्या गाडीचे टाका. त्यासाठी पॅड बदलला की तारीख आणि किलोमीटर डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहा. मी हे तीन वर्षं केलं तेव्हा कळलं की आमचा ‘स्वस्त’ सेट आम्हाला सगळ्यात महाग पडत होता. उलटही होतं. गाडी आठवड्यातून दोनदा गावातल्या गावात फिरत असेल, घाट नसेल, तर मधल्या किमतीचा पॅड आरामात पुरतो. तिथे उगाच महाग माल घेऊ नका.

कंपनीचा, ब्रँडेड, लोकल, डुप्लिकेट. नेमका फरक काय?

‘कंपनीचा’ म्हणजे गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला. तो पॅड गाडीची कंपनी स्वतः बनवत नाही. पॅड बनवणारे कारखाने वेगळे असतात आणि त्यातले बरेच आपल्या नावानेही माल विकतात. टीव्हीएस गर्लिंग, राणे, अलाइड निप्पॉन, सुंदरम, बॉश ही नावं कुठल्याही मोठ्या दुकानात ऐकू येतात. हिंदुस्तान कंपोझिट्स तर आपल्याच घरचं म्हणायचं, कारखाने पैठणला आणि भंडाऱ्याला. जुने मिस्तरी अजूनही ‘फेरोडो’ म्हणतात, कारण कंपनीचं आधीचं नाव हिंदुस्तान फेरोडो होतं. पैसे वाचवायचे असतील तर माझ्या मते ते इथे वाचवावेत: गाडीच्या कंपनीचं खोकं सोडा आणि अशा जुन्या कारखान्याचा, त्यांच्याच नावाचा पॅड घ्या. माल चांगला, किंमत बहुतेक वेळा कमी.

‘लोकल’ म्हणजे कुणीही बनवलेला. त्यात बरेही निघतात, पण एका खेपेचा माल दुसऱ्या खेपेसारखा असेलच, याची खात्री नाही. आणि ‘डुप्लिकेट’ म्हणजे चांगल्या नावाच्या खोक्यात भरलेला लोकल. यात सगळ्यात जास्त फसवणूक होते, कारण पैसे आपण चांगल्या मालाचे मोजतो. छपाई फिकट, खोक्यावरचा आणि पॅडच्या पाठीवरचा पार्ट नंबर वेगळा, रंग पट्टीच्या कडांवर ओघळलेला, माल आणि पट्टी यांच्यात नख जाईल एवढी फट: यातलं काहीही दिसलं तर परत करा. बऱ्याच कंपन्या आता खोक्यावर स्कॅन करायचा कोड देतात. दुकानात उभं राहूनच स्कॅन करा, घरी जाऊन नको.

पॅडच्या कडेला छापलेली इंग्रजी अक्षरं कशाची असतात?

लांबलचक नंबराच्या शेवटी दोन अक्षरं असतात, ‘एफएफ’, ‘जीएफ’, ‘ईई’ अशी. पॅड डिस्कला किती पकडतो, म्हणजे घर्षणांक किती, ते यावरून कळतं. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं गरम झाल्यानंतरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. घाटात माल वाहणाऱ्याने दुसरं अक्षर बघावं. पहिलं जी आणि दुसरं ई असेल तर तो पॅड गावात छान लागेल आणि उतारावर तापला की सोडून देईल. मला एफएफ बरा वाटतो, थंड असो की गरम, सारखाच वागतो.

ही अक्षरं पॅड किती दिवस टिकेल हे सांगत नाहीत, हेही लक्षात ठेवा. अक्षरं छापलेलीच नसतील तर मी तो पॅड घेत नाही.

युरोपातला गोलात ई असलेला आणि ९०आर लिहिलेला शिक्का दिसला तर उत्तम. मूळ पॅडच्या तुलनेत ब्रेकची ताकद १५ टक्क्यांहून जास्त कमी-अधिक नाही, हे तपासल्यावर तो मिळतो.

दुकानदार सिरॅमिक घ्या म्हणतो.

त्याला विचारा, तुमच्या गाडीसाठी कुठल्या कारखान्याचा आणि अक्षरं कुठली. उत्तर आलं तर विचार करा. ओझ्याच्या गाडीला लोखंडाचा भुगा आणि तंतू असलेला सेमी-मेटॅलिक पॅड चांगला, तो उष्णता लवकर बाहेर काढतो. थोडा आवाज करतो, चाकावर काळी भुकटी पडते, डिस्कही थोडी जास्त खातो. माल वाहणाऱ्या गाडीत हे चालवून घ्यायचं. खोक्यावर अ‍ॅस्बेस्टॉस नाही असं लिहिलेलं मात्र बघा, आणि गॅरेजमध्ये ब्रेकची भुकटी हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसायला सांगा. ती भुकटी रोज पोराटोरांच्या नाकात जाते.

डिस्क बदलायची की लेथवर घासून घ्यायची?

डिस्कच्या मधल्या भागावर किंवा कडेला ‘मिनिमम’ असं लिहून एक आकडा कोरलेला असतो. ती तिची किमान जाडी. व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीने मोजा. कडेला जो न झिजलेला काठ उभा राहतो त्याच्यावरून मोजू नका, आत जिथे पॅड घासतो तिथे चार ठिकाणी मोजा. आकड्याच्या खाली गेली असेल तर लेथचं नाव काढू नका, बदला. पातळ डिस्क लवकर तापते आणि तडकते.

आकडा वर असेल, पण खोल रेघा असतील, तर हिशेब असा: घासल्यानंतरही ती किमान आकड्याच्या बऱ्यापैकी वर राहणार असेल तरच घासा. नुसती आकड्याला टेकत असेल तर महिना-दोन महिन्यांत खाली जाईल आणि लेथचे पैसे वाया जातील. बारीक रेघा असतील तर काहीच करू नका. नखाला लागत नाहीत अशा रेघांना घाबरायचं कारण नाही.

निळे डाग आणि कडेपर्यंत गेलेल्या चिरा दिसल्या तर मोजमाप बाजूला ठेवा, ती डिस्क भंगारात.

बदलताना दोन्ही बाजूच्या बदला. एक नवी, एक जुनी ठेवली की गाडी एका बाजूला ओढते. फिटनेसच्या वेळी रोलरवर डावा-उजवा ब्रेक मोजतात तिथेही हे उघडं पडतं.

ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. मिस्तरी म्हणतो डिस्क वाकली.

वाकलेली डिस्क मी क्वचित पाहिली. बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते. तापलेल्या ब्रेकने गाडी थांबवून पेडल दाबूनच ठेवलं, तर पॅडचा माल डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि तिथे जाडी बदलते. किंवा डिस्क बसवताना हबवरचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावरचा, गंज साफ केलेला नसतो. गंजाची एक खपली खाली राहिली की डिस्क फिरताना डुलते. चालवून घेता येईल असं डुलणं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी असतं, त्यामुळे खपली म्हणजे तिथे डोंगरच. तारेच्या ब्रशने हब पांढरा होईपर्यंत घासून घ्या.

चाकाचे नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. हवेच्या गनने एकच नट आधी करकचून आवळला की नवी डिस्कही थरथरायला लागते.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनी डिस्क फार कमी पैशात मिळते. घेऊ का?

दरवाजा घ्या, बंपर घ्या, आरसा घ्या. डिस्क नको. ती किती तापली होती हे कुणालाच माहीत नसतं. नवी डिस्क पुण्यात नाना पेठेत फिरलात तर तीन-चार दुकानांत भाव विचारून घेता येते, आणि तिथले जुने दुकानदार चेसी नंबर विचारल्याशिवाय माल काढत नाहीत. ती चांगली खूण आहे. एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळ्या वर्षी वेगळा कॅलिपर आलेला असू शकतो, म्हणून जुना पॅड पिशवीत घालून सोबत न्या.

भोकं पाडलेली, खाचा असलेली डिस्क घेतली तर?

पैसे वाया. ओझ्याच्या गाडीत भोकांपासूनच चिरा सुरू होतात. साधी बिडाची डिस्क घ्या.

माळशेज उतरताना जळका वास येतो आणि पेडल मऊ पडतं. कुठले पॅड टाकू?

आधी एक हिशेब. मालासकट तीन टनांची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा कुठेतरी जायला हवी, तेवढ्यात ३० अंशांचं ५० लिटर पाणी उकळीला येईल. आंघोळीच्या तीन बादल्या समजा. ती सगळी उष्णता ताटाएवढ्या दोन डिस्कांत घालायची की इंजिनाला वाटून द्यायची, हे ड्रायव्हरच्या हातात आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्याला कुठलाही पॅड पुरणार नाही. ब्रेक मधूनमधून ठाम मारा आणि सोडा, सारखा पाय ठेवून रेंगाळू नका.

वास आला तर पॅड तापला. पेडल मऊ पडलं तर बहुधा ब्रेक ऑइल उकळलं, आणि ही वेगळी गोष्ट आहे. ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ या प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ते १४० पर्यंत उतरू शकतं. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदला, नुसतं वरून ओतू नका. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं, पण डॉट ५ नाही, ते सिलिकॉनचं असतं. पॅडच्या निम्म्या किमतीहून कमी पैशात होणारं हे काम लोक वर्षानुवर्षं टाळतात आणि मग पॅडला शिव्या देतात.

आमच्या ड्रायव्हरला मी एकदा मुरबाडच्या बाजूला घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवायला लावली. उतरून चाकाजवळ हात नेला तर हातभर अंतरावरून धग लागत होती. अर्धा तास चहा प्यायलो. डिस्कवर पाणी ओतायची त्याची फार इच्छा होती. तापलेल्या बिडावर पाणी पडलं की ते तडकतं, तेवढं करू नका.

पॅडला ग्रीस लागलं. मिस्तरी म्हणतो जाळून, पॉलिश पेपर मारून देतो.

नका घेऊ. तेल मालात मुरलेलं असतं, वरून जाळल्याने जात नाही. चार पॅडचा सेट बदला, आणि ग्रीस आलं कुठून ते आधी शोधा. हबचं सील गळत असेल तर नवे पॅडही पंधरा दिवसांत तसेच होतील.

नवे पॅड टाकले तरी ब्रेक कमी लागतो.

पहिले दीड-दोनशे किलोमीटर असं होतं, दोन पृष्ठभाग एकमेकांना अजून बसलेले नसतात. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून १०-१५ पर्यंत बेताने कमी करा, पूर्ण थांबू नका, थोडं चालवून पुन्हा. असं वीसेक वेळा. पहिल्याच दिवशी ७५ क्रेट भरून घाटात नेऊ नका. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा केलाय ना, हेही विचारा.

आणि एक, जे बसवून झाल्याबरोबर करायचं असतं. पॅड बदलताना कॅलिपरमधला पिस्टन, म्हणजे पॅडला ढकलणारा दट्ट्या, मागे ढकललेला असतो. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबायचं. आमच्या गाडीच्या वेळी एका पोऱ्याने हे न करता गाडी रिव्हर्स घेतली. पहिलं पेडल थेट खाली गेलं आणि मागचा फाळका गॅरेजच्या भिंतीत. पॅडचे वाचवलेले पैसे फाळक्याच्या वेल्डिंगला गेले.

पावती आणि किंमत यात काय बघायचं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कपाटात त्याआधीचं खोकं असेल तर त्यावरची छापील किंमत जुनीच असेल, म्हणून पावतीवर कर किती लावला आहे ते बघा. पावतीवर पार्ट नंबर लिहून घ्या, नुसतं ‘ब्रेक पॅड १ सेट’ नको. गाडी परगावी बंद पडली की तोच नंबर फोनवर सांगून तिथल्या दुकानातून बरोबर माल मागवता येतो. मी पावतीचा फोटो ड्रायव्हरच्या मोबाइलवर पाठवून ठेवतो, कारण कप्प्यातली वही नेमकी त्याच दिवशी घरी राहिलेली असते.